साकाजींचा नंबर: सासऱ्यांच्या ओसीआय कार्डासाठी मॉरिशसमध्ये काढलेले चौदा महिने

बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) २२ ऑगस्ट २०२५ ला हातात आलं. सुरुवात जून २०२४ मध्ये केली होती. मधल्या काळात वाक्वा, कात्र बोर्न, क्युरपिपमधल्या बऱ्याच मराठी घरांतून फोन आले: "कुठून सुरू करायचं? कोणता कागद लागतो?" प्रत्येकाला तेच तेच सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून आता सगळं क्रमाने लिहून काढते आहे.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी रत्नागिरी तालुक्यातल्या पावसची. लग्न होऊन २००९ मध्ये मॉरिशसला आले. नवऱ्याच्या घरचे मूळचे मराठी. बाबा क्रिओल बोलतात, फ्रेंच वाचतात, कामाचे कागद इंग्रजीत भरतात. मराठी त्यांना येते ती आरतीतली आणि जाखडीच्या गाण्यांतली. इथे तिला झाकरी म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच गणपतीत बाबांना पायात घुंगरू बांधून गोल फेर धरताना पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आमच्या वाडीत जसं नाचतात अगदी तसंच. पण आपलं गाव कोणतं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. "बोंबेहून आलो," एवढंच. मुंबई हे गाव नव्हे, बंदर होतं. तिथून जहाज सुटलं एवढाच त्याचा अर्थ.

मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू १२ मार्चच्या राष्ट्रीय दिनासाठी इथे आल्या होत्या. भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना ओसीआय मिळू शकेल, अशी विशेष तरतूद त्यांनी जाहीर केली. एरवीचा नियम पणतवंडांपर्यंतच पोहोचतो. बाबा पाचव्या पिढीतले, त्यामुळे तोवर दार बंदच होतं. टीव्हीवर बातमी लागली तेव्हा बाबा भाजी निवडत होते. "सेत्येम झेनेरास्यों," सातवी पिढी, असं स्वतःशीच दोनदा म्हणाले आणि बोटांवर पिढ्या मोजायला लागले. तिसऱ्या बोटावर अडले, कारण आजोबांच्या वडिलांचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण निम्मे फोन त्याच प्रश्नाचे असतात. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नाही. भारतात मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. आयुष्यभर व्हिसाशिवाय ये-जा करता येते, हवं तितकं राहता येतं. बाबांना तेवढंच हवं होतं. त्याहून जास्त हवं होतं ते गाव.

या कामाचा गाभा म्हणजे कागदांची साखळी. तुमचा जन्मदाखला, आईवडिलांचा विवाहदाखला, मग वडिलांचा जन्मदाखला, आजी-आजोबांचा विवाहदाखला, असं एकेक कडी मागे जात जो माणूस उसाच्या मळ्यावर करारावर मजुरी करायला भारतातून आला आणि जहाजातून उतरला त्याच्यापर्यंत पोहोचायचं. त्याच्या नोंदीचा दाखला मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मिळतो. मधली एक कडी जरी तुटली तरी पुढे काही नाही. म्हणून पहिला टप्पा घरातच करा. आम्ही बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा उघडला. त्यात बाबांचा जन्मदाखला, आजेसासूबाईंचा मृत्यूदाखला आणि साखर कारखान्याच्या पगाराच्या दोन चिठ्ठ्या निघाल्या. मृत्यूदाखले बाजूला टाकू नका. त्यावर आईवडिलांची नावं असतात आणि पुढचा शोध तिथूनच सुरू होतो.

११ जून २०२४, मंगळवार. मेट्रोने पोर्ट लुईला जाऊन सिव्हिल स्टेटसच्या कार्यालयात पहिला अर्ज दिला. इथे सगळे त्याला लेता सिव्हिल म्हणतात. मॉरिशसमध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांच्या नोंदींची शिस्त फ्रेंच काळातली आहे. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण शरणागतीच्या करारात इथल्या लोकांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच ठेवायचं कबूल केलं. म्हणून नेपोलियनची नागरी संहिता इंग्रजी अमलात चालू राहिली आणि १९६८ च्या स्वातंत्र्यानंतरही तिचा पाया तोच आहे. आजही इथलं शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये जातं. हे सगळं मी हौसेने सांगत नाहीये. पुढे आमचं गाडं अडलं ते नेमकं याच कायद्यापाशी.

बाबांचा (१९५१) आणि त्यांच्या वडिलांचा (१९२१) दाखला लवकर मिळाला. दाखल्यांची फी किरकोळ असते, खर्च होतो तो हेलपाट्यांचा. आजोबांचा, म्हणजे विठूंचा, १८९२ चा दाखला शोधायला साधारण पाच आठवडे लागले. तो हातात आला तेव्हा बाबा माझ्या शेजारी बाकावर बसले होते. आईचं नाव होतं: आनंदी. वडिलांच्या नावाची जागा रिकामी होती.

बाबा काही बोलले नाहीत. कागद उलटा करून पाहिला, मागे काही लिहिलंय का म्हणून. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. घरी येईपर्यंत मेट्रोत ते खिडकीबाहेर बघत होते. रात्री जेवताना म्हणाले, "माझ्या आजोबांना वडील नव्हते असं त्या कागदात लिहिलंय."

तसं लिहिलेलं नव्हतं, पण ते समजायला मला महिना लागला. त्या काळच्या कायद्याच्या लेखी लग्न म्हणजे फक्त नोंदणी कार्यालयात झालेलं लग्न. मांडवात, अंतरपाट धरून, मंगलाष्टकं म्हणून झालेलं लग्न हे लग्नच नव्हे. मळ्यावरच्या हजारो जोडप्यांनी आपापल्या रीतीने लग्नं केली, संसार केले, मुलं वाढवली, आणि सरकारी वहीत ती मुलं अनौरस ठरली. लेता सिव्हिलमधल्या एका वयस्क बाईंनी मला हे शांतपणे समजावलं. वर म्हणाल्या, "तुमच्याकडे आहे तो संक्षिप्त उतारा. मूळ पानाची पूर्ण प्रत मागा. समासात काही असेल तर ते त्यातच दिसेल."

हे वाक्य मी आता प्रत्येकाला सांगते. उतारा नको, मूळ नोंदीची पूर्ण प्रत मागा.

पूर्ण प्रत ३ सप्टेंबरला मिळाली. पानाच्या डाव्या समासात, तिरक्या बारीक अक्षरात चार ओळी होत्या. १९०५ मध्ये राघू आणि आनंदी यांनी नोंदणी विवाह केला आणि त्या विवाहाने हा मुलगा औरस ठरला, असा त्यांचा मतलब. त्या फ्रेंच कायद्यात ही सोय होती: आईवडिलांनी नंतर लग्न नोंदवलं आणि मूल आपलं म्हणून मान्य केलं, की मुलाला सगळे हक्क मिळत. विठू तेव्हा तेरा वर्षांचा होता. म्हणजे राघू आणि आनंदी कधीतरी ठरवून, कामाचा दिवस बुडवून, तेरा वर्षांच्या पोराला घेऊन त्या कार्यालयात गेले असणार. त्यांना कुणी सांगितलं असेल हे? लिहिता-वाचता येत नव्हतं दोघांना. १९०५ च्या विवाहनोंदीत सहीच्या जागी दोन फुल्या आहेत. बाबांनी त्या फुल्यांवर बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी मला पोर्ट लुईच्या बाजारात बसवून आलुदा, म्हणजे इथलं फालुद्यासारखं थंड दूध, पाजला.

त्यापुढची कडी राघूंच्या १८६४ च्या जन्माची. ही नोंद बापाने स्वतः येऊन केली होती, त्यामुळे साकाजी हे नाव स्पष्ट होतं. आणि नावापुढे एक सहा आकडी क्रमांक. हाच तो नंबर. भारतातून करारावर आलेल्या प्रत्येक माणसाला उतरल्यावर एक क्रमांक मिळायचा आणि तो जन्मभर त्याच्या नावाला चिकटायचा. मुलांच्या जन्माच्या जुन्या नोंदींत आईबापांचे हे क्रमांक बऱ्याचदा सापडतात. नंबर हाती असेल तर मोका इथलं काम निम्म्याने हलकं होतं. नुसत्या नावावर शोधायचं तर साकाजी, सुक्काजी, सखाजी, सगळं धुंडाळावं लागतं.

नावांवरून आठवलं. आपल्याकडे स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. उतरणाऱ्या माणसाला कारकून विचारायचा, नाव काय? तो म्हणायचा, सखाजी. बापाचं नाव? बापू. संपलं. आडनाव कुणी विचारलंच नाही, किंवा विचारलं असेल तरी लिहिलं नाही. मग मुलांच्या नोंदीत आडनावाचा रकाना भरायचा तर तिथे बापाचं नाव. म्हणून आमचं अख्खं कुटुंब आज साकाजी आहे. एका माणसाचं पाळण्यातलं नाव पाच पिढ्यांचं आडनाव झालं. माझ्या पासपोर्टवरही तेच आहे. रत्नागिरीत बँकेत गेले की विचारतात, हे कुठलं आडनाव?

आता मोका. महात्मा गांधी संस्था १९७० मध्ये भारत आणि मॉरिशस सरकारांनी मिळून उभी केली. करारबद्ध मजुरांच्या नोंदींच्या सुमारे दोन हजार वह्या तिथल्या अभिलेखागारात आहेत, आणि २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत त्यांचा समावेश आहे. तिथे कुणीही जाऊन वह्या चाळू शकत नाही. वंशज असल्याचे कागद दाखवावे लागतात, अर्ज द्यावा लागतो, शोध त्यांचे लोक घेतात. सगळी मूळ कागदपत्रं आणि त्यांच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. पिढ्यांचा तक्ता एका पानावर काढून न्या, नाव, साल, कुठल्या जिल्ह्यात नोंद, असा. आमचा तक्ता माझ्या मुलीने वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून केला होता, तोच चालला.

अर्ज २४ सप्टेंबरला दिला. नोव्हेंबरमध्ये निवडणूक झाली, डिसेंबरमध्ये सणासुदीच्या सुट्ट्या. मध्ये एकदा निरोप आला की त्या नंबरवर दुसराच माणूस निघतोय, कलकत्त्याहून आलेला. मी घरी जाऊन १८६४ ची प्रत भिंगाखाली धरली. आम्ही ज्याला ७ समजत होतो तो वरून वाकडा झालेला १ होता. तसं कळवलं. आकड्यांच्या बाबतीत घाई करू नका. जुन्या अक्षरातला १ आणि ७, ३ आणि ८ नीट पारखा आणि शंका असेल तर दोन्ही शक्यता अर्जात लिहून द्या.

१४ जानेवारी २०२५ ला मोक्याला बोलावणं आलं. संक्रांत होती, मी डब्यात तिळाच्या वड्या नेल्या होत्या. मेट्रोने रोझ हिल, तिथून बस. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता.

दाखला एकाच पानाचा असतो. नाव: सुक्काजी. बापाचं नाव: बापू. वय २२. उंची पाच फूट तीन इंच. जात: माराठा. अंगावरची खूण: डाव्या नडगीवर व्रण. आगमन १८५८, मुंबईहून. जिल्हा रुटनागेरी. गाव पूरुनगर.

"पूरन नगर असावं," तिथला तरुण कर्मचारी म्हणाला. "उत्तरेकडचं नाव वाटतं." मी तो शब्द एकदा मनात आणि एकदा मोठ्याने म्हटला, जसा आमच्याकडचा म्हातारा माणूस घाईत म्हणेल तसा. पूर्णगड. मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथला, किल्ल्याच्या पायथ्याचा. माझ्या माहेराहून जवळच. लहानपणी आम्ही तिथे ताजी मासळी आणायला जायचो.

मला बोलता येईना. बाबा विचारत होते, "काय झालं? काही चुकलंय का?" मी मोबाइलवर नकाशा उघडून त्यांना दाखवला: ही नदी, हा किल्ला, हे गाव. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग एकच विचारलं: "समुद्र आहे तिथे?" हो म्हटलं. "मग तो पोहणारा असणार," बाबा म्हणाले. पुढे किती दिवस ते नडगीवरच्या व्रणाबद्दल बोलत होते. कातळावर पडला असेल, होडीत लागलं असेल.

फोटोची आशा धरली होती, ती फळली नाही. नोंदींसाठी फोटो काढायला लागले ते १८६० च्या दशकात, साकाजी त्याआधी आले. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटो लावलेलं तिकीट जवळ बाळगावं लागे, ते नसेल तर भटक्या म्हणून पकडत. तसं काही मिळेल म्हणून पुन्हा शोध घेतला, पण त्या नंबरवर फोटो नाही. तुमचे पूर्वज नंतरच्या काळात आले असतील तर फोटोबद्दल जरूर विचारा. माझ्या एका मैत्रिणीला तिच्या पणजीचा मिळाला.

परत येताना बाबा म्हणाले, आप्रवासी घाटावर जाऊ, पोर्ट लुईच्या बंदरात हे मजूर जिथे उतरायचे तिथे. मी इतक्या वर्षांत तीन-चारदा गेले होते, पाहुण्यांना दाखवायला. २ नोव्हेंबर १८३४ ला ॲटलस जहाजातून पहिले ३६ मजूर आले, पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसं आली, हे पाठ होतं. त्या दिवशी दगडी पायऱ्यांशी उभं राहून मला पाच फूट तीन इंचाचा, बावीस वर्षांचा एकच पोरगा दिसत होता. करारावरचं काम, महिना पाच रुपयांच्या आसपास पगार, शिधा वेगळा, आणि एक दिवस गैरहजर राहिलं तर दोन दिवसांचे पैसे कापायचे. बाबांनी वाकून पायरीला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

यानंतरचं काम रुक्ष होतं. मोक्याच्या दाखल्यात सुक्काजी, राघूंच्या नोंदीत साकाजी, आणि १९०५ च्या विवाहनोंदीत एका ठिकाणी चक्क राघू हेच आडनाव. ही सगळी एकाच घरातली माणसं आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेलो त्या एजंटने "सगळं मी करतो" म्हणून १२ हजार मॉरिशस रुपये मागितले आणि दीड महिना फोन उचलला नाही. आगाऊ दोन हजार दिले होते, ते गेले. एजंटची गरज नाही, हे कळकळीने सांगते. एका वकीलबाईंनी मसुदा करून न्यायालयात शपथेवर सही करून दिली, पाच हजारांत. मसुद्यात प्रत्येक दाखल्याचा क्रमांक, साल आणि नावाचं नेमकं स्पेलिंग लिहून घ्या. "इत्यादी" चालत नाही.

ऑनलाइन अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्या भागात फोटो आणि सही चढवायची असते: फोटो चौकोनी, सहीचं चित्र उंचीच्या तिप्पट रुंद. बाबांची सही लांबलचक आहे, तीनदा नाकारली गेली. शेवटी पांढऱ्या कागदावर काळ्या पेनाने ठळक करून घेतली तेव्हा बसली. पहिला भाग जमा झाला की मिळणारा तात्पुरता क्रमांक लगेच लिहून ठेवा. सगळे कागद पीडीएफ करून आकार लहान करून ठेवा. ज्येष्ठांसाठी हे काम घरातल्या कुणीतरी दिवसाउजेडी, निवांत बसून करावं. रात्री दमलेल्या डोळ्यांनी मी जन्मसाल चुकीचं टाकलं होतं आणि पूर्ण अर्ज नव्याने भरावा लागला.

१० जून २०२५ ला पोर्ट लुईच्या भारतीय उच्चायुक्तालयात कागद जमा केले. मूळ प्रती दाखवायला आणि झेरॉक्स द्यायला, दोन्ही वेगळ्या फायलींत पिढ्यांच्या क्रमाने लावा. खिडकीवरच्या माणसाने पानं उलटत विचारलं, "१८९२ ला वडिलांचं नाव नाही?" बाबांनीच पुढे होऊन समासातल्या ओळी दाखवल्या. "ऱ्हगार्दे, इसी," पाहा, इथे, असं फ्रेंचमध्ये म्हणाले. आवाज जरा चढला होता. मग साधारण दहा आठवडे वाट पाहिली.

खर्चाचं सांगायचं तर सरकारी फी सोडून दाखले, प्रवास, झेरॉक्स, वकील आणि ते बुडालेले दोन हजार धरून आमचे साडेअकरा हजार मॉरिशस रुपये गेले. पोर्ट लुईला नऊ फेऱ्या, मोक्याला चार.

कार्ड आता बाबांच्या पाकिटात आहे. मोक्याचा दाखला मात्र त्यांनी पाकिटात ठेवला नाही, पत्र्याच्या डब्यातही नाही. यंदा गणपतीच्या आदल्या रात्री मखराशेजारच्या भिंतीवर त्यांनी तो काचेत लावला, आणि आरतीला आलेल्या प्रत्येकाला पूर्णगड हा शब्द म्हणायला लावला. ण चा उच्चार कुणाला जमत नव्हता. आता तिकिटाचं बघतो आहोत, जानेवारीतलं, कारण बाबांना पावसाळ्यात जायचं नाही.

आत्यांचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या बहिणीचं, काम या आठवड्यात सुरू करतो आहोत. वरच्या चार पिढ्यांचे कागद तयारच आहेत, फक्त त्यांचा जन्मदाखला आणि विवाहदाखला काढायचा. मंगळवारी सकाळी आठच्या मेट्रोने निघायचं ठरलंय. काल रात्री त्यांचा दोनदा फोन आला, "उतारा नाही ना घ्यायचा? पूर्ण प्रतच ना?"